खोडलेली सही

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, माझी गाडी रुळावरून घसरते आणि मग मलाच कळत नाही कुठे होते ते.

आपली भिंगरी आठवते ना? चष्म्याच्या दुकानात काचा बसवते ती. खिशात कायम भिंग, म्हणून भिंगरी, आणि तशीही ती एका जागी ठरते कुठे. तर हिला भिंतीवर लावायला एक खरं चित्र हवं होतं. मोठं तैलचित्र वगैरे नाही गं, तेवढा पगार कुणाला आहे. हाताने छापलेलं, मोजक्याच प्रती काढलेलं, खाली चित्रकाराची स्वतःची सही असलेलं एखादं छापचित्र. तिची आई म्हणायची, त्यापेक्षा कॅलेंडर लाव, चित्राबरोबर तारखा फुकट. पण हिच्या डोक्यात एकदा काही बसलं की बसलं.

त्याआधी एकदा फसली होती बिचारी. एका झगमगीत दुकानातून अस्सल म्हणून आणलं, घरी येऊन भिंग लावलं तर सगळे ठिपकेच ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. सहीसुद्धा ठिपक्यांची. तेव्हापासून ही ताकही फुंकून प्यायला लागली. कुठेही चित्र बघायला गेली की नमस्काराच्या आधी भिंग बाहेर. दुकानदार हिला लांबून बघूनच म्हणायचे, आज बंद आहे.

मग एकदा हिच्या दुकानात एक माणूस चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला. नखांत काळी शाई. हिने लगेच विचारलं. त्याची आत्या चित्रकार होती, तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढायची, मग त्या ओरखड्यांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओला कागद ठेवून सगळं जड रुळाखालून ओढायचं. एवढं करून एक चित्र. पत्रा भराभर झिजतो, त्यामुळे थोड्याच प्रती निघतात, आणि त्या निघाल्या की पत्र्यावर आडवी रेघ मारून तो कायमचा बाद करायचा. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डावीकडे प्रतीचा आकडा आणि उजवीकडे सही. पेन्सिलच, कारण ती हाताचीच असते, भिंगाखाली लगेच कळते.

भिंगरी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरच्या छापखान्यात हजर. कपाटाच्या खालच्या खणात ज्यांचा कोपरा जरासा दुमडलाय अशा प्रती कमी किमतीला होत्या. तिने एक निवडली. जिन्याचा वळणावरचा भाग, वर एक दिवा, कठड्यावर कुणीतरी टाकलेला कोट. बास, एवढंच. पण भिंग लावून बघते तर दिव्याभोवतीचा काळोख मखमलीसारखा, एक ठिपका नाही. म्हणाली, माझ्या अंगावर काटा आला गं. त्या आत्याबाई आत झोपल्या होत्या, भेट झाली नाही. भाच्याने अर्धेच पैसे घेतले, म्हणाला घरी न्या, बघा, उरलेले शनिवारी द्या.

आता गंमत ऐक. गंमत कसली म्हणा.

हिच्या घरात सपाट जागा एकच, आईचं कापडं बेतायचं टेबल. आई शिवणकाम करते ना, कोट, शर्ट, दुरुस्त्या. त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला होता, कॉलरवर खडूची खूण राहिली म्हणून, आणि चार लोकांत आईला बोलला होता. आई तेव्हापासून गप्प गप्प. तयार कापडाला दहादा उजेडात धरून बघायची. भिंगरीने चित्र टेबलावर ठेवलं आणि निघताना बजावलं, इस्त्री जवळ आणू नकोस, चहाचा कप ठेवू नकोस, वर कापड टाकू नकोस. सगळं सांगितलं. जे सांगायचं ते सुचलंच नाही, कारण सुचणार कुणाला?

संध्याकाळी घरी आली तर आई खुशीत. खूप दिवसांनी खुशीत, बरं का. म्हणाली, "अगं, खाली कुणीतरी पेन्सिलीने हिशेब करून ठेवला होता आणि काहीतरी गिरगटलं होतं. काढून टाकलं. पावाच्या मऊ गराने काढलंय, कागद दुखावला नाही बघ."

भिंगरीने धावत जाऊन कागद उचलला. भिंग लावलं. काही नाही. ना आकडा, ना सही, कोरा करकरीत कागद. आईच्या धंद्यात खूण म्हणजे अर्धवट काम. माल द्यायच्या आधी खडू, पेन्सिल, कच्चा दोरा, सगळं काढायचं, तेव्हा ते काम पुरं. तिने लेकीचं चित्र पुरं केलं होतं.

आणि ही काय म्हणाली माहितीये? म्हणाली, छान झालं.

मग शनिवारपर्यंत हिचा जीव टांगणीला. दुकानात एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. रात्री डोळा लागेना. वाटायचं, आत्याबाईंना सांगू, त्या पुन्हा सही करतील, दोन मिनिटांचं काम. मग वाटायचं, नाही केली तर? पुरते पैसेही दिले नव्हते अजून, म्हणजे धड आपलं नाही आणि धड परत करण्यासारखंही राहिलं नाही. आणि आईला कळलं तर? आठवड्यात दुसऱ्यांदा?

शनिवारी ही चित्र घेऊन हळूच निघाली तर आई कपडे बदलून दारात उभी. बघू तरी कुठे छापतात. हिने सांगून पाहिलं, लांब आहे, जिना आहे, धूळ आहे. आई म्हणाली, मी काय साखरेची आहे का? आणि चित्र परत कशाला नेतेस म्हटल्यावर हिने फ्रेमच्या मापाची थाप मारली.

तिथे गेल्या तर बाई खुर्चीत बसलेल्या. उजवा हात मांडीवर, नुसता ठेवल्यासारखा. आईने आपलं तिथेच स्टूल ओढलं, आणि दोघींचं सुरू झालं, सुई कुठली, शाई कुठली, पाठ दुखते का. भिंगरीने भाच्याला कोपऱ्यात नेऊन कागद उलगडला. त्याचा चेहराच उतरला. खालच्या आवाजात म्हणाला, आत्याला झटका येऊन गेलाय, उजवा हात उचलत नाही. त्या खणातल्या प्रती तिने सही केलेल्या शेवटच्या. झटक्यानंतर तिने पेन्सिल धरलेली नाही, डाव्या हातानेही नाही.

 मग तोच म्हणाला, "मला तिची सही येते. हुबेहूब. आजवर कधी केली नाही. पण आकडा तुम्हाला आठवत असेल तर मी आत्ता करतो. तुमच्या आईला कळणार नाही, आत्यालाही नाही."

पेन्सिल त्याच्या खिशातच होती गं. बाहेर काढलीसुद्धा. समोर दोघी जणी कशावर तरी हसत होत्या. आई कितीतरी दिवसांनी अशी मोकळी हसत होती. एका बाजूला अशी सही, जी कुठल्याही भिंगाला खरी वाटेल आणि असेल खोटी. दुसऱ्या बाजूला बाईंना विचारायचं, म्हणजे आईसमोर सगळं उघडं पाडायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

भिंगरीने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि सरळ बाईंपुढे जाऊन उभी राहिली.  म्हणाली, बाई, माझ्याकडून तुमची सही खोडली गेली. मी खोडली.

आईचं हसू थांबलं. तिने कागदाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग भाच्याकडे. तिला कळायला वेळ लागला नाही.

"खोटं बोलतेय ती," आई म्हणाली. "मी खोडली. मला वाटलं घाण आहे."

 बाईंनी कागद जवळ मागितला, खालच्या कडेवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. एक तंतू उठला नव्हता. कशाने काढलीत, एवढंच विचारलं. आईने सांगितलं पावाच्या गराने, आणि सांगताना तिचा आवाज एवढा बारीक झाला की भाच्याला ऐकूच आलं नाही. मग बाईंनी डाव्या हातात पेन्सिल घेतली. नाव लिहायला केवढा वेळ लागला म्हणून सांगू. वाकडंतिकडं, पहिलीतल्या पोराने लिहावं तसं, शेवटचं अक्षर पार चित्रात शिरलेलं. आकडा भिंगरीने सांगितला, तोही तसाच.

झालं. उरलेले पैसे दिले, चित्र घरी आलं, भिंतीवर आहे. सही खरी, हाताची, आणि बघणारा प्रत्येक जण म्हणतो, ही नक्कल आहे गं, फसलीस परत. ते जाऊ दे, त्याचं तिला काही नाही.

पण आई त्या दिवसापासून तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाही. काल धुवायचा शर्ट घेऊन आली आणि विचारलं, यावर पेनाचा डाग आहे, काढू का, की ठेवायचाय? कुचकट नाही, खरंच विचारलं. भिंगरी म्हणते, शर्ट हातात घेऊन उभी होती गं, घाबरल्यासारखी. आता रात्री पडल्या पडल्या तिला वाटतं, त्या भाच्याने केली असती सही तर काय आभाळ कोसळणार होतं? मला विचारत होती. तू सांग, पेन्सिल त्याच्या हातात असती आणि आई तिकडे तशी हसत असती, तर तू काय केलं असतंस?