दौंडच्या इंजिनाचा धूर

"कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, पण दौंडच्या इंजिनाचा धूर मी भर समिंदरात हुंगलाय," असं म्हणून मी सोड्याच्या बाटलीची गोटी दाबली. फस्स!

दोन हजार दोनचा जून. यवतच्या बाजारात माझी सोड्याची गाडी. समोरच्या बाकावर माझी बायको झुंबरबाई, हाताची घडी घालून. शेजारी नात प्रगती, रडून नाक लाल. पोरीला गोव्यात समुद्राचं शास्त्र शिकायला जागा मिळाली होती, उद्यापर्यंत होकार कळवायचा होता. आणि झुंबरबाई हो म्हणाल्याशिवाय आमच्या घरात पोरीच्या बापाचीसुद्धा मान हलत नाही. तिचं एकच, "पाण्याजवळ पोर धाडायची न्हाई."

म्हणून मला समुद्रावर जाऊन यावं लागलं. उभ्या उभ्या, सोड्याच्या गाडीमागूनच.

"पंच्याण्णव साली मुंबईला जातो म्हणालो हुतो ना? शास्त्रज्ञांच्या जहाजावर गेलतो. समिंदराचं पाणी बाटल्यांत भरणारा पायजे हुता त्यांना."

"तिथं काय सोडा इकला?"

"ऐक तर." मी दोन बाटल्या फोडल्या, एक उन्हातली, एक बर्फातली. उन्हातली अशी उसळली की भेळवाल्या मच्छिंद्रचा सदरा भिजला. बर्फातली पोटात गॅस धरून गप्प. "समिंदर असाच. पार ध्रुवाकडं पाणी गारठतं, तवा हवेतला कार्बन पिऊन घेतं. जड होतं, तळाला जातं. मग आतल्या आत चालत ऱ्हातं, शेकडो वर्सं. दुसऱ्याच मुलखात वर येतं, तापतं, आन् पोटातलं परत हवेत सोडतं."

पाण्याचं हे शास्त्र तेवढं प्रगतीनं शिकवलेलं. बाकी सगळं माझं.

झुंबरबाई हळूच म्हणाली, "म्हंजी, पाण्यात गेलेलं परत वर येतं?"

डाव लागला! मी सुटलोच. "येतं म्हंजी? माझ्या म्होरं आलं! बुडबुडा फुटला, हुंगतो तर दौंडचा कोळसा. माझ्या आज्याच्या येळचा!"

"आबा, शेकडो वर्षं लागतात," प्रगती कुजबुजली.

"हे पाणी जरा घाईत हुतं. मग किनाऱ्याला उतरलो, लाटंच्या कडंला वहाणा काढल्या, दुपारभर हिंडलो. सांजच्याला बघतो तर वहाणा जिथल्या तिथं. इतकं गरीब पाणी, पोरीला काय करतंय?"

झुंबरबाईनं हाताची घडी सोडली. तिचं माहेर धनगराचं. लहानपणी मेंढरांमागं तिनं पायी कोकण तुडवलेलं.

"जिथल्या तिथं?"

"जिथल्या तिथं."

"आन् भरती कुठं गेलती, वो? रेवदंड्याला वाळूवर घोंगडं ठिवलं, भाकर खाऊन बघते तर समिंदरानं नेलं. माझ्या आईनं इणलेलं. तुमी समिंदर बघितलाच न्हाई. साफ खोटं बोलताय!"

अख्खा बाजार हसला. मच्छिंद्र तर ओल्या सदऱ्यानं लोळायचा बाकी राहिला. झुंबरबाई प्रगतीकडे वळली.

"तू जा गं गोव्याला. समिंदराचं खरं सांगणारं एक तरी माणूस पायजे या घरात. आन् माझं घोंगडं कुठवर गेलं, तेवढं बघ."