राणीची ओटी

नाशकातल्या निम्म्या लग्नांची स्टेजं ज्ञानेश फुलांनी सजवायचा, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की त्याला कावीळ व्हायची. खरोखरची नाही, सांगण्यापुरती. कावीळ झाली, कडक मंगळ झाला, मुलगी फार उंच आहे हेही सांगून झालं. तिशी उलटली आणि बहाण्यांचं दुकान बंद पडायची वेळ आली. खरं कारण टेम्पो चालवायचं. राज लायटिंगची कामं घ्यायचा, ज्ञानेशची फुलं त्याच्याच टेम्पोतून जायची, आणि घरचा मळा लांब पडतो असं सांगून दोघं इंदिरानगरला एका खोलीत राहायचे. ज्ञानेशचा त्याच्यावर जीव होता. घरी सांगण्यासाठी त्याने एक जोरदार भाषण आरशासमोर पाठ केलं होतं. आरशाने कधीच हरकत घेतली नाही, त्यामुळे त्याला वाटायचं, आपण शूर आहोत.

वडील पुंजाराम मखमलाबादच्या मळ्यात शेवंती लावायचे. राखणीला म्हणून त्यांनी घोटीच्या बाजारातून हंसांची जोडी आणली आणि नावं ठेवली राजा-राणी. दोघं सदैव मानेला मान लावून फिरायचे, मिळून गवताचं घरटं करायचे, परक्या माणसाला मिळून चावायचे. अंडं मात्र कधी दिसलं नाही. दोष अर्थातच राणीचा ठरला. शेवटी ज्ञानेशची आई, नवसाबाई, राणीला टोपलीत घालून वणीला घेऊन गेली आणि सप्तशृंगीपुढे तिची खणा-नारळाने ओटी भरून आली. त्याच फेरीत तिने सुनेसाठीही नवस बोलून घेतला.

देवीने आधी दुसरा अर्ज घेतला. चांदवडचं स्थळ आलं, प्रतिभा नावाची मुलगी. ज्ञानेश काही हो म्हणाला नाही, फक्त नाही म्हणायचं राहून गेलं. रविवारी सुपारी फुटायची ठरली, आणि एकदा सुपारी फुटली की मागे फिरणं नसतं. राजला त्याने सांगितलं, थोडे दिवस मळ्यावर येऊ नको. राज "बरं" म्हणाला आणि दिव्यांच्या माळा गुंडाळत राहिला. त्याने भांडण केलं असतं तर ज्ञानेशला सोपं गेलं असतं.

मग प्रतिभाचे चुलते मोतीराम चांदवडहून घर बघायला आले. त्यांच्याकडेही हंस होते. चहा पिता पिता त्यांनी राणीला सहज उचललं, उलटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"पुंजारामभाऊ, ही राणी नाय. दोन्ही नर हायेत."

नवसाबाईने कपाळाला हात लावला. "आन् मी त्याची ओटी भरली वो."

मोतीराम पोट धरून हसले. "असतंय तसं. माझ्याकडं बी अशी एक जोडी होती. एक मेला तर दुसऱ्यानं चारा सोडला. पाखरात असतंय, जनावरात असतंय." माणसात, असं ते म्हणाले नाहीत. ज्ञानेशने कपात डोकं खुपसलं.

जाताना त्यांनी एक मादी देऊ केली आणि दोन दिवसांत पाठवलीही. राजा-राणीने तिला घरट्याजवळ फिरकू दिलं नाही. ती विहिरीच्या कठड्याशी मान पाडून बसायची. दाणे टाकले तरी तोंड लावायची नाही.

शनिवारी ज्ञानेश स्वतःच्या सुपारीसाठी तोरण गुंफत होता. दुसऱ्यांची लग्नं सजवून सवय झाली होती, त्यामुळे हातांना काही वेगळं वाटत नव्हतं. नजर मात्र कठड्याकडे जात होती. पुंजाराम टोपली घेऊन आले.

"हिला चांदवडला परत देऊन येतो. त्या दोघांचं बरं चाललंय. हिनं काय पाप केलं?"

आता भाषणाची वेळ होती. त्यातली एकही ओळ ज्ञानेशला आठवली नाही.

"आण्णा, प्रतिभाचंपण असंच होईल."

"कसं?"

"ती कठड्यापाशी बसंल. मला बाईमाणसाबद्दल काही वाटतच नाही, आण्णा. पहिल्यापासून नाही. माझा राज आहे."

एवढं बोलून तो अर्ध्या तोरणावरच खाली बसला. हाच का आपला शूरपणा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पुंजारामांनी टोपली कठड्यापाशी ठेवली. दारातून ऐकणारी नवसाबाई घरात निघून गेली. तिच्या रडण्याचा आवाज बाहेर येत होता आणि ज्ञानेशला तो सहन होत नव्हता.

"टेम्पो काढ," शेवटी पुंजाराम म्हणाले.

"टेम्पो राजकडं आहे."

"मंग त्याला बोलीव."

राज आला तेव्हा नवसाबाई डोळे पुसत बाहेर आली. हातात प्रतिभासाठी आणलेली साडी आणि खण होता. तिने हंसिणीला हळद-कुंकू लावलं, टोपलीत मूठभर तांदूळ घातले. लेक घरातून रिकामी पाठवत नाहीत. साडी तिने ज्ञानेशच्या हातात कोंबली. "पोरीला दे. म्हनावं, सून नाय तर लेक समजून दिली." राजकडे तिने पाहिलं नाही, पण पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

टेम्पोत पुढे तिघं बसले. मधे पुंजाराम, कडेला मांडीवर टोपली घेतलेला ज्ञानेश. हंसिणीने ओझरपर्यंत त्याचा अंगठा चावून लाल केला. त्याला वाटलं, प्रतिभाच्या घरचे याहून जोरात चावतील, आणि तो त्यांचा हक्कच आहे. चांदवडचे डोंगर दिसायला लागले.

"जेवला का रे?" पुंजारामांनी राजला विचारलं.

"नाय, आण्णा."

"येताना जेवू." मग ते ज्ञानेशकडे वळले. "तिथं गेल्यावर पाखराचं मी सांगतो. तुझं तू सांग."

राजने गिअर बदलला आणि टेम्पो गावात शिरला.