घुबडाचा कान

पोलादी घुबडाचा मुखवटा पुढच्या अंकात उतरणार, अशी जाहिरात छापून आली तेव्हापासून चष्मेवाल्याची झोप उडाली होती. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता. तो आणि त्याची थोरली बहीण दप्तरात लपवून ज्या चित्रकथा वाचत आले, त्यातल्या महानायकाचं तोंड एकदाचं दिसणार होतं. दरम्यान दोघांचेही केस पांढरे झाले होते. घुबडाचं मात्र पोटसुद्धा सुटलं नव्हतं.

अडचण ताईची होती. ती निवृत्त परिचारिका. नवरा गेल्यापासून भावाकडे, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. दुसऱ्या गावातली लेक तिला कधीची बोलावत होती आणि ताई दर वेळी सांगायची, "घुबडाचं तोंड बघते आणि येते." लेकीला वाटायचं, ही नाही म्हणायची एक तऱ्हा आहे. चष्मेवाल्यालाही तसंच वाटायचं आणि तो निर्धास्त होता. पण ताई शब्दाची पक्की. जाहिरात वाचल्याबरोबर तिने माळ्यावरची बॅग खाली काढली.

‘जाऊ नकोस’ एवढं म्हणायला काही चष्मेवाल्याची जीभ झडली नसती. पण त्या घरात असलं बोलायची पद्धत नव्हती. त्याने बॅगेच्या चेनला तेल दिलं.

अंक आला त्याच दुपारी लेकही गाडी घेऊन आली. चष्मेवाल्याने दारावर ‘बंद’ची पाटी लावली, भाचीला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि भावंडं काउंटरशी स्टूल ओढून बसली. वाचायची रीत ठरलेली. अंक एकच. संवाद ताई वाचणार, मारामारीचे आवाज चष्मेवाला काढणार आणि दोघांचं बघून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही.

"हात धुतलेस?" ताईने विचारलं.

"धुतले."

"साबणाने?"

चष्मेवाला उठून पुन्हा हात धुऊन आला. मग ताईने अंक उघडला.

पहिल्याच पानावर घुबड आकाशात झेपावलं. चष्मेवाल्याने ‘सूंऽऽ’ असा आवाज काढला. दुसऱ्या पानावर ते खाली उतरून गाडीत बसलं आणि तिथून पुढे बराच वेळ गाडी उभी करायला जागा शोधत राहिलं.

"ह्याला उडता येतं ना?" ताई म्हणाली.

"येतं की."

"मग गाडी कशाला?"

"असेल काही कारण. पुढे येईल."

पुढे कारण आलं नाही, खलनायक आला. त्याला सर्दी झाली होती. त्यामुळे मारामारी पुढे ढकलून दोघांनी गच्चीवर उभं राहून माणुसकीवर चर्चा केली. चष्मेवाला तोंडाचा चंबू करून तयार बसला होता, त्याला तीन शिंकांपलीकडे काही काम मिळालं नाही.

"शिंक चांगली काढलीस," ताईने त्याची समजूत घातली.

मग शेवटचं पान आलं. घुबडाने मुखवट्याला हात घातला, मुखवटा ओढला, आणि पानभर मोठ्या चित्रात त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत संवादाचा एक पांढराशुभ्र फुगा होता. फुग्यात लिहिलं होतं, ‘आता तरी कळलं ना, मी कोण ते?’

ताईचा चेहरा लाल झाला.

"मेल्यांनी फुगा तोंडावर चिकटवला," ती म्हणाली. "सगळं आकाश रिकामं पडलंय वर. तिथे काय फुग्याला भाडं पडत होतं?"

चष्मेवाल्याच्या मनात मात्र दिवाळखोराला लॉटरी लागावी तसं झालं. तोंड दिसलं नव्हतं. म्हणजे ताईचा शब्द अजून पुरा व्हायचा होता. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. जन्मात कधी न जमलेली गोष्ट.

"थांब," तो म्हणाला. "कान दिसतोय."

त्याने काचा तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. फुग्याच्या कडेला खरंच एक कान बाहेर राहिला होता. चष्मेवाल्याचा आवाज चढला. "कानामागे वळ आहे, ताई. चष्म्याच्या दांडीचा वळ. हे मी झोपेतसुद्धा ओळखीन. आणि ह्या अख्ख्या मालिकेत चष्मा कोण लावतं? महापौर. घुबड म्हणजे महापौर. म्हणून तर दरोडा पडला की तो नेमका बैठकीतून उठून जातो. सगळं जुळतंय, बघ."

तो उभा राहिला होता. त्याने भाचीच्या दोन्ही कानांना हात लावून दांडी कुठे रुतते ते दाखवलं. भाची मुकाट्याने कान देत होती.

ताईने चित्र पाहिलं, भावाकडे पाहिलं. "मान्य," ती म्हणाली. "महापौर तर महापौर. मिटलं." आणि तिने बॅग उचलली.

चष्मेवाला होता तिथेच थिजला. भाची किल्ली शोधू लागली. आपण काय करून बसलो ते आता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून त्याने ती पुन्हा भिंगात घातली. त्याच कानावर. आणि तिथून तो हलला नाही.

वळ कानाच्या वरून मागे उतरत होता, ठीक आहे. पण तो पाळीखालून पुढे गालाकडेही आला होता. चष्म्याची दांडी गालाकडे येत नाही. मुखवट्याचा रबरी पट्टा येतो.

ताई दारापर्यंत पोचली होती.

"ताई," तो म्हणाला. "मी चुकलो."

ताई वळली. "काय म्हणालास?"

"वळ चष्म्याचा नाही. मुखवट्याच्याच पट्ट्याचा आहे. तो कुणाच्याही कानाला पडेल. घुबड कोण ते अजून कळलेलं नाही."

"ते नव्हे. त्याच्या आधी काय म्हणालास?"

"मी चुकलो म्हणालो."

"लहानपणापासून ऐकलं नव्हतं, म्हणून खात्री केली," ताई म्हणाली. "ऑपरेशनच्या खोलीत जन्मभर कानांमागे मास्कचे पट्टे अडकवून उभी होते मी. मला पहिल्या झटक्यात दिसला होता तो वळ. म्हटलं, बघू तरी, महापौराला धरून बसतोस की मला." तिने बॅग काउंटरखाली सरकवली. "चित्रकाराला आता पुढच्या अंकात तोंड काढावंच लागेल. की पुन्हा फुगा लावतोय मेला?"

"लावेल," चष्मेवाला म्हणाला. त्याला एवढा आनंद झाला होता की स्टुलावर नीट बसतासुद्धा येईना. "चांगले दोन लावेल."

लेकीने इतक्या वेळात अंक स्वतःकडे ओढला होता. तिने तो उलटा केला, सुलटा केला, नाकापर्यंत नेला.

"आई," ती म्हणाली, "मामा, पण हा कान पुरुषाचा आहे कशावरून?"

दोघांनीही एकदमच भिंगासाठी हात पुढे केला.