सात नंबरचा आकडा

अतिदक्षता विभागात बारा खोल्या होत्या आणि प्रत्येक खाटेशेजारी एक जुना मॉनिटर. नाडीचे, श्वासाचे आकडे त्यातून निघून भिंतीतल्या तारांवाटे सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर येत. त्या तारा सांभाळणारी तंत्रज्ञ अठरा वर्षं तिथंच होती. सगळे तिला वायरबाई म्हणत. भांडण झालं की नवरासुद्धा.

तारांचं हे जाळं आता थकलं होतं. एक्स-रेचं चित्र उघडेपर्यंत डॉक्टरांचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून दोन कंपन्यांना बोलावलं. एकीचं जाळं भलतंच वेगवान, पण त्याची भाषा जुन्या यंत्रांना कळत नव्हती. मध्ये दुभाष्यासारखे डबे बसवावे लागणार होते. दुसरीचं जरा हळू, पण भिंतीतल्या त्याच तारांवर चालणारं. जुनं यंत्र जोडलं तर त्याच्या चालीनं चालायचं, नवं जोडलं तर नव्याच्या.

"साहेब, दुसरं घ्या," वायरबाई व्यवस्थापकांना म्हणाली. "मॉनिटरांना हात लावावा लागणार नाही."

"अहो, चार वर्षांनी पुन्हा तेही जुनं होईल. आणि हे लोक डबे फुकट देतायत."

"डबा बिघडला तर?"

"तुम्हाला नवं काही दिसलं की धडकीच भरते," ते हसून म्हणाले. तिला धडकी खरंच भरली होती.

सोमवारी सकाळी नऊला पहिल्या कंपनीचं जाळं आणि डबे बसले. कंपनीची माणसं आवराआवर करून गेली. पडद्यावर बारा हिरव्या चौकटी झळकत होत्या.

"बघ गं, किती स्वच्छ दिसतंय," मोठी सिस्टर म्हणाली. "उगाच जीव खात होतीस आमचा."

वायरबाईचा पाय मात्र तिथून निघेना. तीन नंबरची नाडी एक्याण्णव, नव्वद, ब्याण्णव. सात नंबरची अठ्ठ्याहत्तर. तिनं मनात साठ आकडे मोजले. अठ्ठ्याहत्तरच.

"ताई, सात नंबरला कोण आहे?"

"परवा हृदयाचं ऑपरेशन झालेल्या आजी. ठीक आहेत की, अठ्ठ्याहत्तर दाखवतंय."

"माणसाची नाडी एवढा वेळ एकाच आकड्यावर राहते का हो?"

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. दोघी धावत सुटल्या. सातचं काचेचं दार बंद होतं. ते उघडलं मात्र, आतल्या मॉनिटरचा आक्रोश अंगावर आला. नाडी चौतीस. आजींचे ओठ निळसर पडले होते आणि मुठीत चादर घट्ट आवळलेली होती. सिस्टरनं धोक्याचं बटण दाबलं, डॉक्टर धावत आले. कुणाच्या तरी कोपरानं वायरबाई भिंतीशी ढकलली गेली.

बाकीच्या अकरा खोल्यांचं काय?

ती दारं उघडत सुटली. प्रत्येक आकडा कागदावर लिहून टेबलापाशी पळत आली. नऊ नंबरला आत एकशे बारा, पडद्यावर चौऱ्याऐंशी. अकराचाही आकडा असाच अडकलेला. "प्रत्येक खोलीत माणूस बसवा, पडद्याकडे बघू नका," असं सांगून तिनं तारांचं कपाट उघडलं. कुणाची परवानगी घेतली नाही. डबे उपटले आणि जुन्या तारा परत जोडायला घेतल्या. एकेक करत तिनं बाराही जोडल्या.

आजी वाचल्या. आणखी दोन मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारी व्यवस्थापक खाली आले. "कंपनी म्हणतेय, डबे सुधारून देतो."

"डबा बंद पडला असता तर परवडलं असतं, साहेब. तो शेवटचा आकडा धरून बसला. आम्हाला वाटलं, सगळं आलबेल आहे."

"आणि बाराही मॉनिटर नवे घेतले तर?"

"तर दुसऱ्या कंपनीच्या तिप्पट खर्च येईल. तुम्ही फक्त जाळ्याचा भाव बघितलात."

त्यांनी तिथूनच दुसऱ्या कंपनीला फोन लावला.

दुसरी कंपनी आठवड्यानं आली. वायरबाईनं सगळ्यांत जुना मॉनिटर जोडायला लावला आणि आकडे येत असतानाच त्याची तार खेचून काढली. शेवटचा आकडा धरून न बसता पडदा लाल होऊन किंचाळला. टेबलापाशी उभे असलेले सगळे दचकले. तिनं तेच बाराही खोल्यांत करून पाहिलं आणि मगच सही केली.

त्यानंतर आजी घरी गेल्या, विभाग सुरळीत चालला. तरी टेबलापाशी आली की वायरबाईची पावलं अडतात. एखादा आकडा दोन श्वास जास्त थांबला तर तो हलेपर्यंत तिला कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.