एकमेकांच्या इमारती

भूकंपानंतर घरं तपासायला सरकारी माणसं पुरेनात, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांची संघटना कंबर कसून उतरली. नियम संघटनेच्या सचिवांनीच घालून दिला होता: आपण डिझाइन केलेली इमारत आपण तपासायची नाही. म्हणून त्यांनी स्वतःची इमारत अध्यक्षांकडे दिली आणि अध्यक्षांची आपल्याकडे घेतली. दोघं कॉलेजपासूनचे जिवलग, संघटनेच्या व्यासपीठावर एकमेकांचं तोंड भरून कौतुक करणारे.

अध्यक्षांच्या इमारतीच्या तळघरात गुडघाभर पाणी होतं. एवढ्या जाणत्या माणसाच्या कामात आपण काय खोट काढणार, असं म्हणत सचिवांनी बूट वाचवले, वरवर नजर फिरवली आणि दारावर हिरव्या रंगाची फुली मारली. हिरवी म्हणजे राहायला हरकत नाही.

लोक परतले. काल पुन्हा हादरा बसला आणि ती इमारत जागच्या जागी खाली बसली. आतले लोक आतच राहिले.

आज सचिव धापा टाकत स्वतःच्या इमारतीपाशी पोचले. दारावर अध्यक्षांच्या हातची हिरवी फुली होती. वरच्या खिडकीतून सचिवांच्या थोरल्या बहिणीने हाक मारली, "वर ये की, चहा टाकते."

"ताई, आधी सगळ्यांना घेऊन खाली ये."

"का रे? तुझ्या अध्यक्षांनी पास केलंय ना," ताई कौतुकाने म्हणाली. "भला माणूस. मी तळघराची किल्ली द्यायला गेले, तर घेतलीसुद्धा नाही. म्हणाले, तुमच्या भावाचं काम आहे, त्यात बघायचं काय."