निम्मी माझ्या नावावर

आमच्या व्हर्माँटला मुलगे उन्हाळ्यात शेतावर गेले की शाळेचे बाक रिकामे पडायचे, तेव्हा आम्हा मुलींना बसवायचे. तेवढ्यावर मी शिकले आणि सतराव्या वर्षी मास्तरीण झाले. या आठवड्यात एका मुलाच्या घरी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या, असं राहून-जेवून शिकवलं. मला दुसरं काही नको होतं.

मग पार पश्चिमेकडच्या ऑरेगनहून एलिएझर पर्डी बायको शोधत आले. माणूस अबोल, पण दिसायला बरा. भाळले झालं! लग्न झालं की बाईची शाळा सुटते, हा आमच्याकडचा रिवाज. रडत रडत सोडली.

गाड्यांच्या तांड्याबरोबर बैलगाडीने ऑरेगनला निघालो. वाटेत प्लॅट नदीवर कपडे धुताना पुढच्या गाडीतली हल्डा म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची चंगळ आहे बाई. तिकडे बायको असली की सरकार दुप्पट जमीन देतं. निम्मी तिच्या नावावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या हातांनीच जाऊन विचारलं, "तुम्ही जमिनीसाठी लग्न केलंत?"

"हो," म्हणाले, आणि बैलांचं जू बांधत राहिले.

मेलं खोटं तरी बोलावं! डोंगर लागले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "माझ्या निम्म्यात मी शाळा काढणार."

"बरं."

ऑरेगनला पोचल्यावर शेजाऱ्यांनी माझ्या जागेवर लाकडी खोली उभारून दिली. पण शिकवायला कोण, हे ठरवायला पुरुष जमले, तेव्हा चर्चचा कारभार बघणारे डीकन थर्लो म्हणाले, "लग्न झालेली बाई शाळेत? पर्डी, बायकोला आवर."

सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांनी नुसती मान डोलावली असती, तरी माझी शाळा दुसऱ्यांदा गेली असती.

"मला काय विचारता?" हे म्हणाले. "जागा तिची आहे. तिथे काय करायचं ते ती बघेल."

"आणि तुझ्या जेवणाचं?"

"बटाटे उकडता येतात मला."

सोमवारी शाळा भरली. जमिनीसाठी माझ्याशी लग्न केलेला माणूस, पण ती जमीन खरंच माझी आहे, हे त्या अख्ख्या खोऱ्यात त्याच्या एकट्याच्या डोक्यात शिरलं होतं. त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला. त्याचे बटाटे जन्मभर आतून कच्चेच राहिले, आणि मी ते मुकाट्याने खाल्ले.