दोन बहिणींच्या खांद्यांवरची शिडी

मी शिडी बोलतेय. घाबरू नका, कुणालाही वर चढायला सांगणार नाही. आयुष्यभर लोक माझ्या अंगावर चढले, उतरले आणि उतरल्याबरोबर मला भिंतीला टेकवून विसरून गेले. आज तुम्ही निवांत बसा आणि ऐका, एवढंच माझं म्हणणं.

मला चर्चच्या मागच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी घडवलं. दोन उभे दांडे, मध्ये बारा पायऱ्या. "बारा प्रेषित, बारा पायऱ्या," असं पुटपुटत ते मोठ्या भक्तिभावाने रंधा मारत होते. सगळं ठोकून झाल्यावर मला घंटेखाली उभं केलं, तर मी हातभर कमी पडले. मग दांड्यांना जोड देऊन तेरावी पायरी बसवावी लागली.

घंटा वाजवणारे काका म्हणाले, "ही सगळ्यात वरची प्रभूची."

"म्हणजे प्रभूच्या डोक्यावर पाय देऊन बल्ब बदलणार तुम्ही?" सुतारकाकांनी विचारलं.

दोघंही विचारात पडले. तेव्हापासून माझ्या तेराव्या पायरीवर कुणी पाय ठेवला नाही. भक्तीमुळे म्हणा किंवा चक्कर येते म्हणून म्हणा.

चर्चमध्ये माझी बरीच वर्षं गेली. घंटेची दोरी, खिडक्यांच्या काचा, छताची जळमटं, अशी माझी कामं. त्या काळात माणसांबद्दल एक गोष्ट मला कळली. वर चढतो एक आणि खाली सूचना देणारे सात. "थोडं डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!" आणि ज्याने मला धरायचं, तो नेमका तेव्हाच कुणाला तरी हात हलवून नमस्कार करत असतो.

चर्चचा एक तरुण गट होता, पंधरा जणांचा. दरवर्षी ही मंडळी चार दिवस पायी चालत लांबच्या डोंगरावरच्या छोट्या चर्चला जायची. जाताना गाणी, येताना पायांना पट्ट्या. एका वर्षी फादरनी प्रार्थना संपल्यावर सगळ्यांना थांबवून घेतलं. फादर अंगाने भरलेले आणि आवाजाने त्याहून भरलेले. म्हणाले, "पाय तर दरवर्षी झिजवता. यंदा हातही झिजवा. वाटेत जिथे मुक्काम, तिथे एक तरी काम करायचं. कुणाचं छप्पर, कुणाच्या खिडक्या. सोबत शिडी घ्या."

ठरलं होतं की मी टेम्पोतून जाणार. पण निघायच्या सकाळी टेम्पोने दोनदा खोकून मान टाकली. मग मीही पायीच निघाले.

सुरुवातीला सगळेच मला उचलायला पुढे. हा उत्साह चौकापर्यंत टिकला. उंच माणूस आणि बुटका माणूस जोडीने शिडी नेतात तेव्हा सगळा भार बुटक्याच्या मानेवर येतो, हे त्यांना चौकात कळलं. फादरनी सगळ्यांना ओळीत उभं करून डोक्यांवरून नजर फिरवली. बरोबर सारख्या उंचीचे दोनच खांदे निघाले. बेकरीवाल्याच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी.

गटातले सगळे एकमेकांकडे बघू लागले. कारण त्या दोघी अकरा दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

थोरली नर्स होती. तिला दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या दूरच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. तिने ते घरात कुणाला सांगितलंच नाही, प्रार्थनेच्या पुस्तकात दडवून ठेवलं. धाकटी वडिलांबरोबर बेकरीत काम करायची. तिने एकदा तेच पुस्तक उघडलं आणि पत्र तिच्या मांडीवर पडलं. आई गेल्यापासून या दोघी एका उशीवरून भांडल्या होत्या, एका ताटात जेवल्या होत्या. आणि आता एवढी मोठी गोष्ट पत्रावरून कळली! त्या दिवसापासून धाकटीने तोंडाला कुलूप लावलं. थोरलीलाही मग पीळ चढला.

"फादर, दुसरं कुणी..." धाकटीने सुरुवात केली.

"उंची देवाने दिली आहे," फादर म्हणाले. "तक्रार त्याच्याकडे कर."

धाकटी पुढे, थोरली मागे आणि मी दोघींच्या खांद्यांवर. आता शिडी नेणं हे बोलण्याचं काम आहे. 'थांब', 'वळतेय', 'सांभाळ' असं म्हणावंच लागतं. या दोघी मुक्या. बाजाराच्या गल्लीत धाकटी डावीकडे वळली, तेव्हा माझं मागचं टोक उजवीकडे फिरलं आणि शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगलेले तीन सदरे घेऊन आलं. ते सोडवायला धाकटी मागे वळली, तर मी न्हाव्याच्या दारातून आत. आतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत खुर्चीखाली! न्हावी ओरडला, "दाढी मी करतोय की ही शिडी?"

शेवटी धाकटीने एक युक्ती काढली. ती माझ्याशी बोलायला लागली.

"शिडी, मागच्या बाईंना सांग, पुढे खड्डा आहे."

"शिडी, पुढच्या बाईंना सांग, मला डोळे आहेत," थोरली म्हणाली आणि पुढच्याच पावलाला खड्ड्यात गेली.

दिवसभर हेच. शिडी, त्यांना सांग पाणी प्यायचंय. शिडी, त्यांना सांग बाटली माझ्याकडे नाही. मी काही निरोप पोचवत नव्हते, दोघींना सगळं ऐकू येतच होतं. पण मला हात असते तर मी दोघींच्या पाठीत एकेक धपाटा घातला असता.

दुसऱ्या दिवशीचा मुक्काम वृद्धाश्रमात होता. तिथे पन्हळीत पानं तुंबून भिंतींना ओल आली होती. गटाचा म्होरक्या एस.टी.च्या डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचा, म्हणून सगळे त्याला वेळापत्रकदादा म्हणत. त्याने घड्याळ पाहिलं. "पन्हळ, पंचवीस मिनिटं. अकरा दहाला चहा." असं म्हणून तो माझ्यावरून छपरावर गेला. मला धरायला अर्थातच दोघी बहिणी.

इतक्यात आतून काठी टेकत एक बाई आल्या. चाळीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे आश्रमातले सगळे, अगदी व्यवस्थापकसुद्धा, त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि वचकून असत. "ती शिडी आत आणा," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीतला दिवा तीन आठवडे बंद आहे. हल्लीच्या मुलांना सांगून काही उपयोग नाही."

दोघींनी मला उचललं आणि आत नेलं. छपरावरच्या माणसाला थोरलीने सांगितलं असेल असं धाकटीला वाटलं. धाकटीने सांगितलं असेल असं थोरलीला वाटलं. एकमेकींना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

खोली लहान होती. खाट, टेबल, भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. धाकटी नवा बल्ब घेऊन वर चढली. छत उंच, तिला नवव्या पायरीपर्यंत जावं लागलं. फरशी गुळगुळीत होती, त्यामुळे मी जराशी सरकले. मुद्दाम नाही, शप्पथ.

"ताई!" धाकटी ओरडली. "घट्ट धरलंय ना?"

अकरा दिवस उलटून गेल्यावर तिचा हा पहिला सरळ शब्द.

"धरलंय," थोरली म्हणाली.

वर धाकटीचे हात थांबले. "अजून किती दिवस धरणार आहेस?"

थोरली हळूच म्हणाली, "मी अजून हो कळवलेलं नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"पण सांगितलं का नाहीस मला?"

"तू 'नको जाऊस' म्हणाली असतीस तर मी थांबले असते. म्हणून."

तेवढ्यात मोठ्या बाईंनी काठी आपटली. "मोठ्याने बोला! काय पुटपुटता? मला कमी ऐकू येतं."

"काही नाही, बाई," थोरली म्हणाली.

"माझ्या खोलीत बोलायचं तर मला ऐकू आलं पाहिजे. वर्गात कुजबुज मी कधी चालवून घेतली नाही. पुन्हा सांग!"

आणि काय सांगू, थोरलीने खरंच पुन्हा सांगितलं. खणखणीत आवाजात, मान खाली घालून. "मी म्हटलं, तू नको जाऊस म्हणाली असतीस तर मी थांबले असते!"

"आणि तू काय म्हणालीस?" मोठ्या बाईंनी वर पाहिलं.

"मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस!" धाकटी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "पत्र पुस्तकात का लपवलंस? मी काय परकी आहे?"

"परकी असतीस तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं!"

दाराबाहेर निम्मा आश्रम जमला होता. कुणी चष्मा सावरत होतं, कुणी शेजारच्याला "मोठी जाणार, लहान रडतेय" असं समजावून सांगत होतं. धाकटीने बाहीने डोळे पुसले, बल्ब फिरवला. खोलीत लख्ख उजेड पडला.

आणि मग छपरावरून आवाज आला, "सगळं ऐकू आलं! फार वाईट वाटलं! पण आता बारा वाजायला आले, मला कुणी खाली घेणार आहे का?"

त्या दिवशीचा चहा बारा वीसला झाला. वेळापत्रकदादा त्याबद्दल पुढे दोन दिवस बोलत होता.

तिसऱ्या दिवशी वाटेत दोघी थेट बोलत होत्या. मोजकंच, "वळतेय", "थांब", "खांदा बदल". मला कुणी निरोप सांगेना. खरं सांगते, थोडं चुकल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी, रविवारी, डोंगर चढलो. वाट इतकी अरुंद की दोघींना मला डोक्यावरून न्यावं लागलं. वर एक छोटं दगडी चर्च, समोर घंटेची कमान आणि राखणदार मावशी. मावशी टेबलावर खुर्ची, खुर्चीवर स्टूल ठेवून त्यावर उभ्या राहून झरोका पुसत होत्या. फादरनी ते पाहिलं आणि आधी क्रूसाची खूण केली, मग म्हणाले, "मावशी, खाली या. ही शिडी आता तुमची."

मला विचारलंही नाही. पण त्या स्टूलची अवस्था पाहता मी काही बोलले नसते.

खिडक्या पुसून झाल्या, भिंतीला चुना झाला, प्रार्थना झाली. सूर्य कलायला लागला तशी थोरली कमानीखाली येऊन बसली. हातातला फोन तिने धाकटीला दाखवला.

"इथे नेटवर्कच नाही," ती म्हणाली. "आता खाली पोचेपर्यंत मुदत संपेल. देवाची इच्छाच नसेल."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला नीट दिसत होतं, कारण तिचा हात माझ्या दांड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. तिने एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसली असती तरी ताई घरी राहिली असती.

"देवाच्या नावावर ढकलू नकोस," धाकटी म्हणाली. "ऊठ. शिडी कमानीला लावू."

"अगं, पण..."

"लावू म्हणते ना! उंचावर रेंज येते. पोस्टमन सांगतो नेहमी."

मला कमानीला टेकवलं. थोरली फोन उंच धरून एकेक पायरी चढू लागली. पाचवी, काही नाही. आठवी, काही नाही. खाली पंधरा माना वर. वेळापत्रकदादा मोठ्याने मिनिटं मोजत होता, शेवटी फादरनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. अकराव्या पायरीवर फोन टिंग वाजला.

थोरलीने खाली पाहिलं. धाकटी मला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती, गाल माझ्या तिसऱ्या पायरीवर टेकलेला.

"सांग त्यांना," धाकटी म्हणाली. "हो म्हण. आणि लवकर म्हण, माझे हात दुखतायत."

थोरली दवाखान्याला फोन लावून हो म्हणाली. नाव सांगितलं, कधी रुजू होणार ते सांगितलं, आभार मानले. खाली फादर नाक शिंकरत होते. ते चुन्यामुळे, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

मग निघायची वेळ झाली. धाकटीने माझ्या दांड्यावर दोनदा थापटलं, जसं बेकरीत भाजलेल्या पावाला थापटून बघतात. मावशींच्या भिंतीला टेकून मी त्यांना उतरताना पाहत होते. धाकटी पुढे, थोरली मागे. खांद्यावर काही नव्हतं, तरी दोघींमध्ये बरोबर माझ्या लांबीइतकं अंतर. चार दिवसांची सवय! पहिल्या वळणाशी धाकटी थांबली. मागे न बघता नुसती उभी राहिली. थोरली तिच्याजवळ पोचली, आणि मग दोघी शेजारी शेजारी चालत खाली गेल्या. वाट दोघींना पुरत नव्हती. एकीचा एक पाय सारखा गवतात जात होता.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. माझा रंग उडालाय, डाव्या पायाला मावशींनी फडकं गुंडाळलंय. झरोके पुसायला मी लागतेच. पण माझा खरा धंदा वेगळाच झाला आहे. अकराव्या पायरीवर रेंज येते, ही बातमी सगळ्या डोंगरभर पसरली. मेंढ्या राखणारे, लाकूडतोडे, यात्रेकरू, सगळे माझ्यावर चढून घरी फोन करतात. तरुण गट येतो तेव्हा वेळापत्रकदादा प्रत्येकाला चार मिनिटं ठरवून देतो. धाकटीला मात्र तो घड्याळ दाखवत नाही. ती ताईला बेकरीतल्या भट्टीपासून वडिलांच्या गुडघ्यांपर्यंत सगळं सांगते, ताई तिला वॉर्डातल्या गमती सांगते, आणि अर्धा तास माझी हाडं मोडतात.

तेव्हा कधी इकडे आलात तर जरूर चढा. पायातले जोडे खाली काढा, एवढं करा. आणि वर कुणी बोलत असेल तर खालच्यांनी आपलं डोंगराकडे बघत उभं राहावं, ऐकू येत नसल्यासारखं. मला तसं करता येत नाही. मला सगळं ऐकू येतं, आणि खरं सांगू, आवडतं.